बॅटरी माझ्या मांडीवर होती

नाना गेल्याचं सांगायला शेजारची मुलगी धावत आली, तेव्हा त्यांच्या ड्रिल मशीनची बॅटरी माझ्या मांडीवर होती. माझ्या स्वयंपाकघरात ते फळी लावत होते. फळीला भोकं पाडून झाली आणि मशीनच्या टोकाला लावायचा भिंतीसाठीचा बिट घरीच राहिल्याचं त्यांच्या लक्षात आलं. मशीन खाली ठेवण्याआधी त्यांनी बॅटरी काढली आणि माझ्या हातात दिली. "वहिनी, तुमनाजोडे राहू द्या. जेवीसन येस." घर मागच्याच गल्लीत. जेवून ते पलंगावर आडवे झाले आणि उठलेच नाहीत... मी इकडे वाट बघत, या माणसाला जेवायला एवढा वेळ लागतो कसा, म्हणून मनातल्या मनात चिडत बसले होते.

नाना आणि माझे यजमान दीपनगरच्या वीजकेंद्रात एकाच पाळीत होते. निवृत्तीनंतर दोघांनी बोदवडला घरं बांधली. आधी नानांची बायको गेली, मग आमचे हे. नाना मूळचे शिरपूरकडचे. सगळी नोकरी इकडे काढली तरी त्यांची अहिराणी सुटली नाही. मुलगा सुधीर पुण्याला. त्याने एका दिवाळीला हे बिनवायरचं मशीन पाठवलं आणि नाना हरखून गेले. गल्लीतला एकही कडी-कोयंडा त्यांच्या तावडीतून सुटला नाही. माझ्या घरात तर त्यांनी इतक्या खुंट्या ठोकल्या की टांगायला तेवढे कपडे नाहीत.

पहिल्याच उन्हाळ्यात त्यांनी एक उद्योग केला. आमच्याकडे वैशाखात पाण्याच्या बाटलीला ओलं गोणपाट गुंडाळतात. नानांनी तापलेली बॅटरीही तशीच गुंडाळली आणि माठाशेजारी ठेवून दिली. जन्मभर विजेत काम केलेला माणूस! वर सुधीरला फोनवर ते कौतुकाने सांगितलंही. तो तिकडून जो ओरडला, तो मला बाजूला बसून ऐकू आला. ती बॅटरी गेली कामातून. ती केरात टाकायची नाही हे सुधीरनेच बजावलं, म्हणून नाना ती जुन्या बॅटऱ्या घेणाऱ्या दुकानात देऊन आले. नवी आली ती नियम घेऊनच आली. उन्हात ठेवायची नाही. खिळे-स्क्रूच्या डब्यात टाकायची नाही. तापलेली असेल तर निवल्याशिवाय चार्जिंगला लावायची नाही. आणि चार्जिंगला लावली की जवळून उठायचं नाही.

नानांचं घर पत्र्याचं, उन्हाळ्यात दुपारी आत पाय ठेववत नाही. म्हणून चार्जर माझ्या घरी आला. पडद्यापासून लांब, उघड्या फरशीवर तो ठेवायचा, आणि समोर खुर्ची टाकून नाना बसायचे. लाल दिवा हिरवा होईपर्यंत आमच्या गप्पा चालायच्या. केळीला भाव काय, कुणाच्या सुनेने काय केलं, दीपनगरचा कोणता साहेब किती तिरसट होता... कधी काहीच बोलायचो नाही. दोन एकटी माणसं समोरासमोर बसतात म्हटल्यावर गल्ली बोलणारच. कुणी दारातून डोकावलं की नाना चार्जरकडे बोट दाखवायचे, "हाई चार्जिंग चालू शे." मला त्या वेळेची सवय लागली होती. सकाळपासून मी तिचीच वाट बघायचे. बॅटरी लवकर उतरावी म्हणून नसत्या खुंट्या मागायचे.

बॅटरी हातात देण्याची तऱ्हा नंतरची. एकदा बॅटरी न काढताच ते बिट बदलायला गेले. अंगठा बटणावर दाबला गेला, मशीन फिरलं आणि बोटाचं टोक फाटलं. तेव्हापासून बिट बदलायचा म्हटलं की आधी बॅटरी काढून दुसऱ्याच्या हातात द्यायची. माझं लक्ष दुधाकडे असलं तर ओरडायचे, "ध्यान कोठे शे तुमनं? धरा!" मग मी पदराला हात पुसून धरायचे.

नाना गेल्यावर मी ती बॅटरी घरातल्या गार कोपऱ्यात ठेवली. कुठे फुगली नाही ना, हे रोज हात फिरवून बघायचे. मागच्या आठवड्यात सुधीर घर आवरायला आला. म्हणाला, "काकू, फळी लावून देतो, मग मशीन घेऊन जातो." त्याने बॅटरी बसवली, बटण दाबलं... आणि मशीन फिरलं. नानांनी शेवटचं समोर बसून भरलेलं चार्जिंग त्यात अजून शिल्लक होतं. मला रडू आवरेना.

भिंतीची भोकं झाली. स्क्रू पिळायला तो बिट बदलू लागला, तसा माझा हात आपोआप पुढे झाला. "बॅटरी काढ आधी. इकडे दे." त्याने ती काढून माझ्या हातात दिली. हाताला ऊन लागत होती.

फळी लागली. निघण्याआधी बॅटरी भरून घ्यावी, असं तो म्हणाला. ती निवल्यावर मी चार्जर नेहमीच्या फरशीवर ठेवला. तो सामान बांधायला तिकडच्या घरी गेला. "झालं की हाक मारा, काकू." मी समोर बसले. पलीकडे नानांची खुर्ची होती.

दिवा हिरवा झाला. सुधीरला हाक मारायला हवी होती... मी बसून राहिले.