गोलकीपरचा नारळ

मला हळू बोलता येत नाही. पौडला लग्न होऊन आले ती थेट सासऱ्यांच्या पिठाच्या गिरणीत उभी राहिले, आणि गिरणीचा पट्टा फिरायला लागला की शेजारच्या माणसालाही ओरडूनच सांगावं लागतं. नवरा म्हणतो, तू चहा घेता का विचारलंस तरी शेजाऱ्यांना वाटतं भांडण लागलं. असू दे. या आवाजाचं सोनं झालं ते फुटबॉलच्या मैदानावर. आमच्या भागातल्या मुलींचा एक क्लब आहे, माझी लेक त्यात खेळायची. लेक लग्न होऊन गेली, मी मात्र मैदान सोडलं नाही.

आम्ही तिघं पक्के. एक मी. दुसरे कंडक्टरभाऊ, एसटीतून रिटायर झालेले. क्लबातल्या निम्म्या पोरी शाळेला त्यांच्याच गाडीनं गेल्या, त्यामुळं कुठली पोरगी कुठल्या थांब्यावरची हे त्यांना अजून पाठ. माणूस सोन्यासारखा, पण उचलली जीभ की लावली टाळ्याला. तिसरा एक तरणा मुलगा, मारुंजीत भाड्यानं राहतो, आयटीत नोकरी करतो. मूळचा कोल्हापूरचा, म्हणजे फुटबॉल अंगातच. एकदा चुकून आमची मॅच बघितली आणि तिथंच चिकटला. त्याला आम्ही कोल्हापूरकर म्हणतो.

क्लबाची एक रीत आहे. पोरगी पहिल्यांदा मोठ्या संघाकडून खेळली की मॅच संपल्यावर तिला नारळ आणि टॉवेल द्यायचा. कुणी सुरू केलं देवाला ठाऊक, पण आजवर चुकलं नव्हतं. नारळ आणायचं काम माझ्याकडं.

गेल्या हिवाळ्यात आमच्या नेहमीच्या गोलकीपरचं बोट सुजलं, आणि कोचनं क्लबात नुकतीच आलेली, मोठ्यांची एकही मॅच न बघितलेली माले गावची सोळा वर्षांची पोरगी गोलात उभी केली. बारीक चणीची, हात मात्र लांब. सकाळपासून तिनं काही खाल्लं नव्हतं, केळं दिलं तर तेही नको म्हणाली. मॅच सुरू झाली आणि आमची काशी झाली. चार गोल खाल्ले. त्यातला तिसरा तर असा, की बॉल सरळ तिच्या हातात आला, तिनं धरला, आणि साबणाची वडी निसटावी तसा पोटाखालून मागं गेला. कंडक्टरभाऊ गोलाच्या मागंच उभे होते. ते ओरडले, "नारळ द्या तिला, नारळ!"

कामावरून काढा, असंच त्यांना म्हणायचं होतं. भोवतालची माणसं खो खो हसली. पोरीनं एकदा मागं वळून बघितलं आणि पुन्हा तोंड फिरवलं. माझ्या डोक्यात तिडीक गेली, पण तेवढ्यात चौथा गोल झाला आणि सगळ्यांचीच तोंडं उतरली. मॅच संपल्यावर ज्यानं त्यानं आपापली गाडी गाठली. टॉवेलचं कुणाला सुचलं नाही, आणि खरा नारळ राहिला माझ्या पिशवीत.

दुसऱ्या दिवशी रविवार. कंडक्टरभाऊ नाचणीचा डबा घेऊन आले, मागोमाग कोल्हापूरकर गव्हाचा घेऊन. त्याला पोळी लाटता येत नाही, पण स्वयंपाकाच्या मावशी गिरणीच्याच पिठाची करतात. दोघांची दळणं होईस्तोवर मॅचची चिरफाड सुरू झाली. कोल्हापूरकराचं म्हणणं, चारातले तीन गोल पोरीचे नव्हतेच, पुढच्या पोरी जागा सोडून भटकत होत्या, तिथं मोठमोठे गोलकीपरही आडवे झाले असते. त्यानं मोबाईलवर घेतलेला व्हिडिओ आम्हाला पुन्हा पुन्हा दाखवला. कंडक्टरभाऊंचं म्हणणं, पोरगी कोवळी आहे, अजून वर्षभर बाकावर बसवायला हवी होती, एवढ्यात उभी करून कोचनं तिचा बळी दिला. मला ते दोन्ही पटत होतं, म्हणून मी दोघांशी भांडत होते. तिसऱ्या गोलाची बाजू मात्र तिघांपैकी कुणालाच घेता येईना.

मग भाऊ माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "कायबी म्हणा वहिनी, पोरीचा पायगुण न्हाई बरा. आली आन् चार खाल्ले."

मी गिरणी बंद केली. चालू दळणात मी कधी गिरणी बंद करत नाही.

"अहो, ती हातानं खेळती," मी म्हणाले. "हातानं खेळणारीचा पायगुण कसला काढता? आणि पोरगी काय माप ओलांडून तुमच्या घरात आलीय?"

आवाज थांबल्यामुळं माझं बोलणं पार रस्त्यापर्यंत गेलं. रांगेतल्या बाया भाऊंकडं बघायला लागल्या आणि ते डब्याच्या झाकणाची उगाच उघडझाप करत राहिले. वाईट वाटलं मला, पण तोंडातून गेलेलं गेलं.

दोन-तीन दिवसांनी कोचचा फोन आला. माले गावची पोरगी सरावाला येत नाहीये. निरोप पाठवलाय की आता फुटबॉल बंद, शाळा सुटली की आईबरोबर रोजावर जाणार. कोच म्हणाले, काकू, तुम्ही बोलून बघा, माझं ती ऐकत नाही. एवढे लांब हात पुन्हा मिळायचे नाहीत हे त्यांनाही कळत होतं. मी दोघांना फोन केले. कोल्हापूरकरानं सुट्टी टाकली आणि गाडी आणली. कंडक्टरभाऊ माझ्या आधीच पुढच्या सीटवर बसले होते. रिकाम्या हातानं कसं जायचं, आणि तिचा नारळ तर माझ्याकडंच होता. तो घेतला, एक नवा टॉवेल घेतला.

घर गावाच्या वरच्या अंगाला, चढ संपतो तिथं. पोरगी अंगणात भांडी घासत होती. मी गाडीतून उतरले, नारळ हातात. तिनं माझ्याकडं बघितलं, मग हाताकडं बघितलं, आणि आत गेली. मला वाटलं आईला बोलवायला गेली असेल. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात क्लबाची जर्सी होती, इस्त्री केल्यासारखी घडी घातलेली, आणि वर दोन ग्लोव्हज. माझ्यासमोर ओट्यावर ठेवून म्हणाली, "धुतलंय समदं, काकू. एका बोटाची शिवण उसवली व्हती, तिला टाके घातलेत."

"अगं, पण कशाला?" मला काही उमजेना.

"नारळ घिऊन आलाय न्हवं तुमी. कळतंय मला."

एवढी मी बोलभांड, पण हातातला नारळ कुठं लपवू असं झालं.

तोवर तिची आई बाहेर आली होती. पदराला हात पुसत तीच बोलली. "तिचं मनावर घिऊ नका. हिच्या बापाला कंपनीनं काढलं ना, तवा खराखुरा नारळ दिला व्हता. ठेकेदार म्हणला, उद्यापासनं यिऊ नगंस, आन् हातावर नारळ ठिवला. ही बारकी व्हती. धावत गेली आडवी, म्हणली, बाबांनी खोबरं आणलं."

बाप आता बावधनला एका सोसायटीत वॉचमन आहे, आठवड्यातून एकदा येतो. त्या नारळाचं पुढं काय झालं हे मी विचारलं नाही.

कोल्हापूरकर रस्त्याकडं बघत उभा राहिला. कंडक्टरभाऊ मात्र पुढं झाले आणि ओट्याच्या कडेला टेकले.

"पोरी, मैदानात वरडलो तो मीच."

"म्हाईत हाय. आवाज वळखला मी. गाडी सुटायच्या टायमाला तुमी असंच वरडायचा, पळ की गं, म्हणून."

भाऊंना ते फार लागलं. पावसात ही एवढीशी पोर चढावरून पळत यायची आणि ते ड्रायव्हरला थांबवून धरायचे, हे त्यांनीच मला कितीदा सांगितलेलं. त्यांनी डोळे पुसले, चारचौघांत पुसले. म्हणाले, "चुकलो मी. पर ह्यो नारळ जायाचा न्हाई बाय, ह्यो यायाचा हाय. पयल्या मॅचचा. समद्यांना देतो आमी, तुला द्यायचा ऱ्हायला."

ती आमच्या तोंडांकडं बघत राहिली. खोटं बोलतायत का, हे तपासत असावी. मग हळूच म्हणाली, "चार गोल खाल्ले तरीबी?"

"चौदा खा!" मी म्हणाले. "पहिल्या मॅचचा नारळ आहे, तो काय गोल मोजून देतात?"

माझ्या आवाजानं खालच्या घरातली दोन माणसं बाहेर आली. पोरीला हसू फुटलं. मी नारळ तिच्या हातात दिला, टॉवेल खांद्यावर टाकला, आणि मला रडू आलं ते काही मी लपवलं नाही.

तिनं विचारलं, ठेवायचा की फोडायचा. सुरुवात करायची तर फोडायलाच हवा, असं मी म्हणाले. भाऊंनी सवयीनं हात पुढं केला, कारण बायकांनी नारळ फोडायचा नाही असं आमच्याकडं मानतात, आणि आईनंही त्यांच्याकडं दे म्हणून खुणावलं. पोरगी म्हणाली, माझा हाय ना, आणि पायरीच्या दगडावर तिनं तो एका फटक्यात फोडला. पाणी थोडं सांडलं, उरलेलं आईनं भांड्यात धरलं. खोबऱ्याचा पहिला तुकडा तिनं भाऊंना दिला. भाऊंच्या दाढा कधीच्या गेल्यात, तरी आम्ही निघेपर्यंत ते तो चघळत होते. मग तिनं हात स्वच्छ धुतले, टॉवेलला पुसले, आणि जर्सी उचलून आत नेली.

पुढची मॅच आम्ही हरलोच, पण एका गोलानं. शेवटाकडं समोरच्या संघाची एक दांडगी पोरगी एकटीच बॉल घेऊन सुटली, आणि आमच्या पोरीनं पुढं झेप टाकून तो छातीशी धरला. या खेपेला निसटला नाही. गोलामागून कंडक्टरभाऊ ओरडले, "नारळ द्या तिला, नारळ!"

समोरच्या गावची माणसं चक्रावली. त्यांच्यातला एक मला म्हणाला, ओ बाई, एवढा बॉल अडवला पोरीनं आणि तुम्ही तिला काढायला निघालात? मी काही उत्तर देणार, तेवढ्यात पोरीनं मागं न बघता टाके घातलेल्या ग्लोव्हचा हात वर केला, आणि मीही भाऊंच्या आवाजात आवाज मिसळला.