बिनतेलाचं पान

विनायकरावांनी नोएडाच्या फ्लॅटमध्ये एअर फ्रायर आणला आणि सुमित्राबाईंच्या कढईवर बंदी आली. वडिलांच्या, म्हणजे दादांच्या, श्राद्धालाही भेंडी, कारल्याचे काप, आळूवड्या, सगळं त्या डब्यातून कोरडंठाक निघालं.

गच्चीवर पान ठेवलं. कठड्यावरचा कावळा काही शिवेना. "दादा, गावची जमीन विकणार नाही! धाकट्याशी बोलेन!" विनायकराव हात जोडून एकेक वचन देत सुटले. कावळा ढिम्म.

शेवटी सुमित्राबाईंनी खाली जाऊन त्याच आळूवड्या कढईत खरपूस तळून आणल्या. त्या पानात पडतात न पडतात तोच कावळ्याने झडप घातली.

"अगं, पण एवढं तेल!" विनायकराव कळवळले.

"गेलेल्या माणसाला कसलं आलंय कोलेस्टेरॉल? तुमच्या श्राद्धाला मात्र त्या डब्यातलंच वाढायला सांगेन. बसा मग कठड्यावर!"