मागची मोरी

गांगुर्डे मास्तरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते ढगात बसले होते. थाप वाटेल, पण शपथ! खोलीभर पांढरा धूर, मधोमध खुर्ची, खुर्चीत बंडीतले मास्तर आणि हातात कपबशी. मला म्हणाले, "या. दिसत असेल तर बसा."

मी तेव्हा नगरपालिकेत ड्रेनेजचा मुकादम. जमिनीखालचा पाइप कुठे फुटलाय ते कळावं म्हणून आम्ही मेनहोलमधून धूर सोडायचो. आमचा धूर असा, की शहरात द्वारका चौकात सोडला तर पार सायखेडा गावात म्हशी शिंकायच्या! आदल्या दिवशी गल्लोगल्ली बोंबलत फिरायचो, "उद्या धूर सोडणार हो! प्रत्येक मोरीत बादलीभर पाणी ओता, खिडक्या उघडा, दमेकऱ्यांना बाहेर बसवा, आणि आग समजून बंब बोलावू नका!" मोरीच्या जाळीखाली पाइपाला वाक असतो. त्यात पाणी असलं की धूर तिथेच अडतो. पाणी असूनही घरात धूर आला, तर पाइप फुटला म्हणायचं.

"मास्तर, पाणी ओतलं होतं ना?" मी विचारलं.

"मुकादम, मी जन्मभर पोरांना स्वच्छता शिकवली. बादलीभर काय, हौदभर ओतलं."

झालं! माणसं आली, कुदळी आल्या, मास्तरांचं अंगण उकरलं. मास्तर मात्र लग्नघरातल्यासारखे खुशीत. खड्ड्याच्या काठावर खुर्ची टाकून आम्हाला पेपर वाचून दाखवायचे, अग्रलेखासकट. कुणी जांभई दिली की गरजायचे, "उभा राहा!"

"उभाच हाय ना मास्तर, खड्ड्यात," आमचा दगडू खालून ओरडायचा.

चहा इतका पाजला की गोदावरीला पूर यावा. दुपारी खानावळीचा डबा घेऊन आमच्या भाकऱ्यांत येऊन बसायचे. "एकट्यानं खाल्ली की ही भाजी अळणी लागते. मीठच टाकत नाही लेकाचा," असं खापर खानावळवाल्यावर. आमच्यात बसून तीच भाजी बोटं चाटत संपवायचे.

पाइप मात्र पैलवानासारखा धडधाकट निघाला. मला शंका आली. घरात जाऊन मागची, भांडी घासायची मोरी पाहिली. जाळी उचलली. खाली ठणठणीत कोरडं, आणि कोळ्यानं संसार थाटलेला. मास्तरीणबाई वारल्यापासून तिथे भांडं पडलं नव्हतं.

"मास्तर, इथं पाणी?"

मास्तर चष्मा पुसत म्हणाले, "ओतलं असतं, तर तुम्ही पुढच्या घरी गेला असता."

मी बाहेर आलो आणि दगडूला म्हणालो, "माती ओली लागतेय रे. उद्या अजून थोडं खणून बघू."

पुढे त्या भागात कधीही धूर सोडला की मास्तरांची मोरी धुमसायची, आणि मी गंभीर तोंड करून खड्डा आखायचो. साहेबांना सांगायचो, तिथली माती पार पाताळापर्यंत भुसभुशीत आहे.

मग एकदा मास्तरांचा मुलगा टेम्पो घेऊन आला. तो ओझरच्या कारखान्यात होता. मला म्हणाला, "बाबांना घेऊन चाललो. मी आणि ही, दोघंही ड्युटीवर. दिवसभर घर निवांत. कुणाचा म्हणून त्रास नाही त्यांना."

"तिकडे ड्रेनेज कसं आहे रे?" मास्तरांनी विचारलं.

"एकदम नवीन, बाबा. कुठेच गळत नाही."

मास्तर टेम्पोत चढले. मग खाली वाकून म्हणाले, "मुकादम, नवीन पाइपसुद्धा कधीतरी फुटतोच की?"

"फुटतो मास्तर. हमखास फुटतो."

"मग या."

"येणार म्हणजे काय! कुदळ घेऊनच येतो."

ओझर आमच्या हद्दीत येत नव्हतं. ते आम्हा दोघांनाही माहीत होतं.