आडनाव न विचारणारी खोली

गटाराकडेला पडलेला दारुडा तुम्हाला लांबूनही ओळखू येतो. पण दारू सोडून ताठ मानेनं कामावर जाणारा एक तरी माणूस तुम्ही नावानिशी दाखवू शकता का? नाही ना? मग मी दाखवतो. नाव भगवान. मूळचा जालन्याकडचा, आता आमच्या कोपरखैरण्यात राहतो, तुर्भ्याच्या एका केमिकल कंपनीत ड्रम भरतो. त्याचं आडनाव मला पाठ आहे, पण इथं लिहिणार नाही. का, ते कळेलच.

सत्त्याण्णव साली कंपनीनं त्याला शेवटची ताकीद दिली होती. पुन्हा पिऊन आलास तर गेट बंद. ती नोकरी गेली असती तर घर गेलं असतं, आणि घर गेल्यावर भगवान उरला नसता, हे त्याच्या बायकोला, दुर्गाबाईला, पक्कं ठाऊक होतं.

दुर्गाबाई वाशीच्या एका शाळेत झाडलोट करायची. शनिवारी संध्याकाळी तिथल्या एका वर्गात काही पुरुष जमायचे, चहा प्यायचे, आणि एकेक जण उठून स्वतःचेच वाभाडे काढायचा. बाईनं दाराबाहेर झाडू धरून कान दिला. एक जण सांगत होता, पोरीच्या बारशाला पाहुणे घरात आणि मी नालीत. बाकीचे हसले, पण हिणवून नाही. आपलीच गोष्ट ऐकल्यासारखे हसले.

घरी येऊन ती नवऱ्याला म्हणाली, "तुमच्यावानीच हायेत समदे. फरक इतकाच, त्यांनी सोडलीय."

"मंग आता मला शाळेत घालतीस व्हय?"

"पहिलीत. चला."

गेला. वर्गात प्रत्येक जण उभा राहून नाव सांगत होता. आता आमच्या लोकांत नाव सांगायचं म्हणजे अख्खं सांगायचं. आडनाव गिळायचं नाही, कुणी तोंड वाकडं केलं तर करू दे, हे चळवळीनं आम्हाला शिकवलंय. भगवाननं छाती काढून स्वतःचं, बापाचं आणि आडनाव, तिन्ही खणखणीत सांगितली. समोरचा नंदकिशोर नावाचा चष्मेवाला हात वर करून म्हणाला, "नुसतं भगवान. आडनाव नको."

झालं. भगवान पेटला.

"का? आडनावानं विटाळ होतो का तुमाला?"

खुर्ची लाथाडून बाहेर पडला. मी असतो तर खुर्ची त्या चष्म्यावर घातली असती, खोटं कशाला बोलू. अख्खा दिवस कोरडा राहिलेला माणूस, पण तसाच तडक शाळेमागच्या गुत्त्याकडे निघाला.

दाराबाहेर थांबलेल्या दुर्गाबाईनं त्याला वळणावर गाठलं.

"गुत्त्यावर कुनी आडनाव इचारलं का आजपोत्तर?"

"नाय."

"तिथं बरं चालतंय तुमाला?"

तेवढ्यात नंदकिशोर धापा टाकत आला. "भाऊ, चुकलं माझं, नियम आधी सांगायला पाहिजे होता. आत कोण साहेब, कोण शिपाई, कोण कुठल्या घरचा, कुणी कुणाला विचारत नाही. बाहेर कुणाची ओळख फुटू नये म्हणून तसं. मलाही तिथं नंदकिशोर, दारुडा, एवढंच म्हणतात."

"तुमचंबी आडनाव घेत नाहीत?"

"कुणाचंच नाही."

भगवान त्याच्याकडे वळला. "असली जागा हाय व्हय ह्या देशात?" एवढंच म्हणाला आणि गुत्त्याकडे पाठ करून वर्गात जाऊन बसला. लाथाडलेली खुर्ची त्यानंच सरळ केली.

मध्ये एकदा घसरला. पुन्हा गेला. मग घसरला नाही. कंपनीचं गेट उघडंच राहिलं, आज तो नव्या कामगारांना ड्रम भरायला शिकवतो.

पुढं वस्तीतली आणखी माणसं त्याला विचारायला लागली. पण कामाची पाळी सांभाळून वाशी गाठणं त्यांना जमेना. भगवाननं तसल्याच बैठकीसाठी दर गुरुवारी संध्याकाळी वस्तीतल्या बुद्धविहारामागची खोली मागितली. विहार मंडळाच्या सभेत अध्यक्ष विलासराव म्हणाले, "लोक काय म्हणतील? विहारात दारुडे जमतात?"

"जमतातच की, दर पौर्णिमेला," भगवान म्हणाला. "पाचवं शील घेतात, नशापाणी करनार नाय म्हनून, आन् घरी जाऊन बाटली उघडतात. कोन कोन ते मला म्हाईत हाय. पन नावं घेनार नाय. आमच्यात तसा नियम हाय."

सभा हसली. हसता हसता बऱ्याच जणांनी माना खाली घातल्या. किल्ली त्याच बैठकीत मिळाली.

आमच्या वस्तीनं पुष्कळ मोर्चे बघितलेत, पण भगवानइतका मोठा लढवय्या मी बघितला नाही. त्याच्या खोलीत मी पाऊल टाकलेलं नाही. मला तो नाद नाही, आणि बघ्यांचं तिथं काम नाही. पण पानटपरीला टेकून कोण आत जातंय ते हेरणारे आहेत आमच्यात. त्यांच्यापायी परवा दोघे जण कोपऱ्यावरून माघारी फिरले. त्यातला एक रात्री पुन्हा प्यायला.

म्हणून तुमच्याकडे एक मागणं मागतोय. तुमच्या घरातलं माणूस गुरुवारी संध्याकाळी विहारामागं निघालं, तर त्याच्या सोबत दारापर्यंत या. त्याला आत सोडा, आणि आत कोण बसलंय ते न बघता परत फिरा.