तज्ज्ञांची चाचणी

लिफ्टदुरुस्ती हा त्याचा धंदा आणि जगाची अक्कल काढणं हा जोडधंदा. म्हणून इमारतीत सगळे त्याला ‘तज्ज्ञ’ म्हणत. महिनाभर बंद असलेली इमारतीची लिफ्ट त्याने आज जोडत आणली होती. चौथ्या मजल्यावर त्याच्या सासूबाई तयार होऊन बसल्या होत्या. गुडघे गेलेले, महिनाभरात खालचा बाक नजरेला पडला नव्हता. आज त्यांना खाली जायचं होतं, बस्स.

पण सकाळीच बातमी आली. कुठल्याशा परदेशाचं क्षेपणास्त्र उडालं आणि लगेच समुद्रात कोसळलं. तज्ज्ञांचा पाना थांबला, तोंड सुरू झालं.

“याहून लांब तर आपला वॉचमन थुंकतो!” तळमजल्यावरचा शिंपी खिदळला.

“आणि वर तोंड करून सांगतायत, चाचणीतून मोलाची माहिती मिळाली म्हणे!” तज्ज्ञ म्हणाले. “कसली? पाणी ओलं असतं ही?”

“आधी तपासलं नसेल का हो?” दुसऱ्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईंनी विचारलं.

“तिथेच तर घोडं पेंड खातं! आमच्या धंद्यात आधी वाळूच्या गोण्या चढवतात, मग माणूस.”

गोण्या जिन्याखालीच होत्या. पण त्या उचलायच्या तर दम लागणार, आणि दम लागला की बोलणं बंद. तज्ज्ञांनी रिकामी लिफ्ट एकदा वरखाली फिरवली आणि सासूबाईंना आत उभं केलं. “निर्धास्त जा. ही काही त्यांची चाचणी नव्हे.”

तिसऱ्या मजल्याच्या जरा खाली लिफ्ट गचकन थांबली.

“काय तज्ज्ञ,” खालून शिंप्याचा आवाज आला, “माहिती मिळाली का?”

अख्खा जिना फिदीफिदी हसला.

“हसताय काय? माझी आई आहे आत!” तज्ज्ञांची बायको ओरडली, आणि मग तिलाही हसू आवरेना.

तज्ज्ञ गच्चीवरच्या मशीन रूमकडे पळाले. हाताने चाक फिरवत, घामाघूम होत, त्यांनी लिफ्ट कशीबशी तळाला आणली. सासूबाई बाहेर आल्या, बाकावर बसल्या, ऊन खाल्लं, शिंप्याकडून क्षेपणास्त्राची सगळी हकिकत दोनदा ऐकली. संध्याकाळी म्हणाल्या, “चला, आता वर.”

लिफ्ट बंदच. खुर्ची आणली. पुढून तज्ज्ञांनी धरली, मागून शिंप्याने. तिसऱ्या मजल्यावर तज्ज्ञांचे हात लटपटले.

“जपून हं, जावईबापू,” सासूबाई म्हणाल्या. “इथे खाली समुद्र नाही.”