शुक्रवारचा बिघाड

महाडच्या ज्या टेम्पो सर्व्हिसच्या ऑफिसात मी कॉम्प्युटरवर बसायचे, तिथे मुंबईकरांची पार्सलं यायची. मुलगा मुंबईत, आईबाप डोंगरात. मग औषधं, मिक्सर, छत्र्या आमच्या टेम्पोतून वर जायच्या. पत्ता लिहिताना मात्र प्रत्येकाचा हात वेगळा. कुडपण, कुडपन, कुडपाण. कॉम्प्युटरला ही तीन वेगळी गावं वाटायची आणि कुणा म्हाताऱ्याचं औषध आमच्या फळीवर पडून राहायचं.

माझ्या थोरल्या भावाने, भाईने, आखातात नोकरीला जाण्याआधी त्यावर तोड काढली. आमच्या डेटाबेसला बाहेरून जोडायचा एक छोटा प्रोग्राम त्याने लिहिला. त्याला म्हणायचं एक्स्टेन्शन. नाव कसंही लिहा, ते उच्चारावरून गाव ओळखायचं. ते चालू झालं आणि भाई गेला. मग महिन्या-दोन महिन्यांनी घरी फोन. "बरं हाय ना? पाऊस हाय का?" तीन मिनिटांत संपलं. अम्मीच्या हातात रिसीव्हर जाईपर्यंत लाइन कटलेली असायची. मला राग यायचा. महाडात पाऊस आहे का, हे काय विचारायचं असतं?

एके दिवशी ऑफिसातल्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क कुरकुरायला लागली. मेकॅनिकने नवी बसवली, माहिती तिच्यात उतरवली. सगळं जागच्या जागी आलं, फक्त भाईचं एक्स्टेन्शन लोड होईना. पडद्यावर इंग्रजीत यायचं की हवं ते मॉड्यूल सापडत नाही. आणि फाइल तर त्याच फोल्डरमध्ये, माझ्या डोळ्यांसमोर! समोर उभ्या माणसाला 'तू आलाच नाहीस' म्हणण्यातला हा प्रकार. मी भाईला ईमेल केला.

शुक्रवारी, म्हणजे त्याच्या सुट्टीच्या दिवशी, नमाजनंतर त्याचा फोन आला. पहिला प्रश्न, "व्हर्जन कुठलं?" मग फोल्डर बघ, नाव बघ, फाइल परत कॉपी कर. पाऊण तास झाला. मी सगळं वहीत लिहून घेतलं आणि शनिवारी ऑफिसात एकेक करून पाहिलं. काही उपयोग नाही. पुढच्या शुक्रवारी पुन्हा, "व्हर्जन कुठलं?" अरे, आठवडाभरात व्हर्जन काय म्हातारं होणार होतं? पण आता शेवटी अम्मीलाही फोन मिळायला लागला. त्याने स्वतः केलेल्या भातात मीठ जास्त झालं, एवढ्यावर दोघं दहा मिनिटं बोलली. शुक्रवारी सकाळपासूनच ती फोनजवळचं स्टूल पुसायची.

"काय लिवतोय गो तुझा कंप्युटर?" तिने मला विचारलं.

"पाहिजे ते इथे सापडत नाही म्हणतो."

"खुळा हाय," अम्मी म्हणाली.

तिसऱ्या आठवड्यात मी भाईची फाइल दुसऱ्या एका प्रोग्रामने तपासली. ती कुणाकुणावर टेकून उभी आहे, त्याची यादी त्यात दिसते. एका नावासमोर लाल खूण होती. ती भाईचीच दुसरी फाइल, उच्चार जुळवणारी, आणि ती जुन्या डिस्कवरच राहिली होती. डेटाबेसची तक्रार पहिल्या फाइलबद्दल नव्हतीच. तिच्या सोबतिणीबद्दल होती. पाठराखिणीवाचून नवरी सासरी जाईना, तसं. जुनी डिस्क तीन आठवडे माझ्याच टेबलाच्या खणात, गुडघ्यापाशी होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा! मेकॅनिककडून ती फाइल काढून घेतली, जागेवर ठेवली, डेटाबेस पुन्हा सुरू केला आणि 'कुडपाण' टाइप केलं. पडद्यावर कुडपण आलं. मी एकटीनेच टाळी वाजवली.

घरी येऊन सांगितलं, तर अम्मी तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला.

"म्हंजे आता तो फोन करायचा नाय."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"एक जुम्मा ऱ्हाव दे मोडलेलं," ती म्हणाली. "काय जातंय तुझं?"

म्हणून त्या शुक्रवारी मी खोटं बोलले. भाईने व्हर्जन विचारलं, मी सांगितलं. तो बिचारा त्याच्या ऑफिसातल्या दोघांना विचारून आला होता. म्हणाला, "आता घोळ घालू नको. मी सगळं नव्याने लिवून पाठवतो." त्याची एकुलती सुट्टी माझ्या खोट्यावर खर्च होणार, हे मला सोसेना. मी म्हणाले, "नको रे भाई, चाललं ते." "शाब्बास गो!" म्हणत तो इतका हसला की स्टुलावर बसलेल्या अम्मीलाही ऐकू गेलं. तिच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

पुढच्या शुक्रवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. घर इतकं गप्प झालं की खरं बोलून टाकल्याची मला लाज वाटली. माझाही जीव त्याच्यासाठी तुटत होता, पण मी फक्त चिडत होते.

तिसऱ्या शुक्रवारी अम्मी म्हणाली, "लाव." मी नंबर फिरवला. पलीकडे भाईचा आवाज आला तसा तिने रिसीव्हर माझ्या हातातून काढून घेतला.

"परत मोडलंय रे."

"काय लिवतंय?" तो घाबरून विचारत होता, मला इकडे ऐकू येत होतं.

अम्मीने आयुष्यात तो कॉम्प्युटर पाहिला नव्हता. ती म्हणाली, "लिवतंय, पायजे ते हितं सापडत नाय."

त्यावर भाईने व्हर्जन विचारलं नाही.