तिसरी उमेदवार

"उत्प्रेरक अभिक्रियेत भाग घेतो, पण तयार होणाऱ्या पदार्थात तो नसतो." हे वाक्य संपवून मी फळ्याकडून वळले, तेव्हा संस्थेचे अध्यक्ष चहात बिस्कीट बुडवत होते. त्यांनी हात वर केला.

"पुरे, पुरे. लई छान बोलती पोरगी." मग मॅडमकडे वळून म्हणाले, "मॅडम, तिसरी चांगली गाठली तुम्ही."

समिती हसली. मॅडमही हसल्या. थोड्याशा.

खडू माझ्या हातात होता. समीकरण अर्धं होतं. अध्यक्षांनी गाव विचारलं. मी सांगितलं, गंगापूर तालुक्यातलं. आडनाव समोरच्या कागदावर होतं, तरी पुन्हा विचारलं. आणि मग भाजीचा भाव विचारावा तसं:

"घर गावात का गावाबाहेर?"

रसायनशास्त्राच्या सहायक प्राध्यापक पदासाठी मला विचारलेले प्रश्न एवढे तीनच.

मी मॅडमकडे पाहिलं. त्या माझ्या पीएचडीच्या मार्गदर्शक; विषयतज्ज्ञ म्हणून समितीवर बसल्या होत्या. समितीवर आपलं माणूस असणं म्हणजे काय, हे मी आजवर दुसऱ्यांच्या बाबतीत पाहिलं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा आपलंही कुणी आहे असं वाटलं होतं.

मॅडमनी नजर कपात घातली. म्हणाल्या, "सांग ना. लाजतेस कशाला?"

याच बाईंनी मला तयार केलं होतं. प्रयोगशाळा रिकामी झाली की फळ्यापुढे उभं करायच्या. खुर्ची कधी ओढायची, पिशवी कुठे ठेवायची, उत्तर येत नसेल तर ते कसं कबूल करायचं, सगळं शिकवलं. माझ्या बोलण्यातलं 'व्हय' आणि 'लई' वेचून काढलं. आपली खळ दिलेली सुती साडी दिली, निऱ्या स्वतः बसवून दाखवल्या. आणि जाता जाता सांगितलं, "वडिलांच्या जीपमधून फाटकाशी उतरू नकोस. इंप्रेशन तिथूनच सुरू होतं."

वडील गंगापूरहून शहरात माणसं भरून वडाप जीप चालवतात. त्या सकाळी त्यांनी पुढच्या सीटवर माझ्याशेजारी कुणाला बसू दिलं नाही. साडी चुरगळली असती. मागे दाटीत बसलेली माणसं कुरकुरली. वडील म्हणाले, "पोरगी प्रोफेसर व्हायला चालली. बसा गप." मी अलीकडच्या चौकातच थांबायला सांगितलं.

"फाटक पुढं हाय की."

"इथेच ठीक आहे, बाबा."

त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग ब्रेक दाबला.

प्रतीक्षागृहात आणखी दोघे होते, एकाच गाडीतून आलेले. एक अध्यक्षांचा जावई; त्याच महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवणारा. दुसरा त्याचा मित्र. मित्राने मोकळेपणाने विचारलं, "मी ह्याच्यासाठी आलोय. तुम्ही कुणासाठी आलात, ताई?"

मी म्हणाले, "पदासाठी."

दोघे हसले. का, ते मला फळ्यापुढे 'तिसरी' हा शब्द ऐकल्यावर कळलं. तीन उमेदवार हजर असल्याशिवाय मुलाखत ग्राह्य धरत नाहीत. जावई पहिला. मित्र दुसरा. तिसरी पुरवायचं काम मॅडमकडे होतं.

मग इतकी मेहनत का घेतली? याचं उत्तरही तिथेच, उभ्या उभ्या सापडलं. तिसरी कच्ची असली तर निवडीवर संशय येतो. जावयाने कुणाला तरी हरवलेलं दिसायला हवं. मॅडमची शिकवणी खरी होती. प्रत्येक धडा खरा होता. म्हणूनच ती फसवणूक एवढी पक्की.

मी खडू टेबलावर ठेवला.

"घर गावाबाहेर. आणि मी उमेदवारी मागे घेते. आता तुमच्याकडे दोनच उरले."

अध्यक्षांचा कप खाली आला. "मॅडम, हे काय हो?"

शेजारच्या कार्यालयात मी तेच दोन ओळींत लिहून दिलं आणि पोच घेतली. मॅडम मागोमाग व्हरांड्यात आल्या. आवाज दाबून म्हणाल्या, हे तुझ्याच भल्याचं होतं, अनुभव मिळाला असता, पुढच्या जागेला त्यांनी तुझं नाव लक्षात ठेवलं असतं. मी पोच घडी करून पिशवीत ठेवली. मग त्या खरं बोलल्या.

"प्रबंधावर अजून माझी सही व्हायची आहे. विसरू नकोस."

"नाय विसरले," मी म्हणाले.

फाटकाबाहेर गेले नाही. पायऱ्यांवरूनच वडिलांना फोन केला. "बाबा, फाटकातून आत या. पार पायऱ्यांपर्यंत."

जीप भरलेलीच आली. मी मागे, दाटीत बसले. साडी चुरगळली. वडिलांनी आरशात पाहिलं आणि गियर टाकला.

साडी धुऊन, खळ देऊन मॅडमना परत पाठवली. मार्गदर्शक बदलून मिळावा म्हणून विद्यापीठात अर्ज दिला आहे. कारणाच्या रकान्यात हे सगळं लिहिलं आहे, अध्यक्षांच्या प्रश्नासकट. प्रबंध लांबेल. लांबू दे.

ती मुलाखत रद्द झाली. पदाची जाहिरात पुन्हा निघाली आहे, आणि माझा अर्ज गेला आहे. जीप पायऱ्यांपर्यंत जाईल. फळ्यावरचं समीकरण मी पूर्ण करणार, माझ्या बोलीत, चहा संपो न संपो.

घर कुठं आहे ते त्यांना ठाऊक झालं. आता रसायनशास्त्र विचारावं लागेल.